कर्बोदके आणि मनःस्थिती

तांदूळ, नाचणी, बटाटा, साखर यांतील पिष्ट व शर्करा म्हणजे कर्बोदके. ती खाल्ल्याने मन हलके होते, या समजाला १९७०च्या दशकारंभी शास्त्रीय आधार लाभला. अमेरिकेतील फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून त्याची क्रिया मांडली: कर्बोदकांमुळे इन्शुलिन वाढते, ते बहुतेक अमिनो आम्ले स्नायूंत लोटते, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला मेंदूची वाट मोकळी होते आणि त्यापासून बनणारे, मनःस्थितीशी जोडले जाणारे सेरोटोनिन वाढते. मात्र जेवणात थोडी प्रथिने असली तरी ही साखळी तुटते. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळातच सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, त्यावर वरणही पडते. त्यामुळे कर्जत-खालापूरकडच्या वरणभाताने मिळणारे समाधान सेरोटोनिनच्या खात्यावर जमा करता येत नाही. ते पोट भरल्याचे आणि सवयीचे असावे.

साखरेने तरतरी येते हेही टिकत नाही. ३१ अभ्यासांच्या २०१९मधील एकत्रित विश्लेषणात कर्बोदकांनी मनःस्थिती सुधारल्याचे दिसले नाही. उलट तासाभरात थकवा वाढला, सावधपणा घटला. दीर्घकालीन चित्र अधिक बोलके आहे. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाहणीत (२०१७) गोड पदार्थ व पेयांतून रोज ६७ ग्रॅमहून अधिक साखर घेणाऱ्या पुरुषांत पाच वर्षांनी नैराश्यासारख्या विकारांची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त आढळली. रसायनीसारख्या कारखानी गावात पाळीवर काम करणाऱ्याने दोन-दोन चमचे साखरेचे सात चहा घेतले, तर तो या आकड्याजवळ पोचतो. खिन्न माणूसच गोडाकडे वळत असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण याच पाहणीत आधी खिन्न असलेल्यांची साखर पुढे वाढल्याचे दिसले नाही. तरीही अशा पाहणीतून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही.

मग पांढरा भातही दोषी का? तो रक्तातील साखर झपाट्याने वाढवतो, हे खरे. पण डाळ, भाजी, मासळी सोबत असली की हा वेग मंदावतो, आणि नाचणीच्या भाकरीत तंतूही मिळतात. कर्बोदके तोडणे हाही उपाय नव्हे: ऑस्ट्रेलियात वर्षभर चाललेल्या एका चाचणीत (२००९) कर्बोदके अत्यल्प ठेवणाऱ्यांपेक्षा चरबी कमी करून कर्बोदके खाणाऱ्यांची मनःस्थिती अधिक सुधारलेली राहिली. तिथल्याच ६७ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत (२०१७) अख्खी धान्ये, डाळी, भाज्या व मासळी यांवर भर दिल्यावर बारा आठवड्यांत सुमारे ३२ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले. नुसता सोबतीचा आधार मिळालेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, ही तिची मर्यादा. तात्पर्य, कर्बोदकांच्या प्रमाणापेक्षा त्यांचे रूप आणि सोबत महत्त्वाची. आहार उपचारांना पूरक असतो, पर्याय नव्हे; नैराश्य जाणवत असल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर मदत मिळते.