तळटीप २३ : बासेलचे सुवर्ण

२३. लेखकाला इथे सिंधूचे जगज्जेतेपद अभिप्रेत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये त्याच आठवड्यात, त्याच बासेल शहरात मुंबईच्या मानसी जोशी यांनी पॅरा-बॅडमिंटनच्या एसएल३ गटात एकेरीचे विश्वविजेतेपद मिळवले. अंतिम फेरीत समोर परदेशी खेळाडू नव्हती. गुजरातच्या पारुल परमार होत्या, या खेळातल्या जुन्या जाणत्या विजेत्या. निकाल २१-१२, २१-७. व्यवसायाने अभियंता असलेल्या मानसी यांनी डिसेंबर २०११मधील रस्ता अपघातात डावा पाय गमावला. २०१५च्या जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीचे रौप्य त्यांनी मिळवले. हैदराबादला गोपीचंद अकादमीतला सराव त्यानंतरचा, २०१८पासूनचा. एसएल३ म्हणजे पायांत मोठे अपंगत्व असूनही उभ्याने खेळणाऱ्यांचा गट. यात एकेरी निम्म्या रुंदीच्या कोर्टवर होते. तेवढ्यावरून खेळ सोपा समजू नये : कृत्रिम पायावर पुढे-मागे धावणे तसेच राहते. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटन प्रथमच आले, पण महिलांची एसएल३ एकेरी वगळून. जगज्जेतीला स्वतःच्या प्रकाराची वाट पॅरिस २०२४पर्यंत पाहावी लागली. तिथे त्या साखळीतच बाद झाल्या. – संपा.