दप्तर, दिपोटी आणि पंतोजी

मंडळी, आज कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत मधल्या सुट्टीत जाऊन बसलं, तर मास्तरांच्या बोलण्यात मुलांपेक्षा माहितीच जास्त येते. 'सरल' भरलं का, यू-डायस भरलं का, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब जुळला का, मतदार यादीचं काम कुणाच्या गळ्यात पडलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका एवढी कामं सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपायचं नाही. कायदा झाला, तक्रार राहिली. हा कागद शाळेत आला कधी आणि कसा, हे आज आपण पाहू.

इंग्रजी अमलाआधीचा गावचा पंतोजी पालकांनी दिलेल्या धान्यावर आणि चार पैशांवर जगायचा. त्याला वर कुणी साहेब नव्हता. म्हणून ते दिवस सोन्याचे होते असं मात्र समजू नये. त्या ओटीवर बसायला मिळणारी मुलं ठराविक घरांतलीच असत. १८५४ साली वुडचा खलिता आला. प्रत्येक इलाख्यात स्वतंत्र विद्याखातं काढावं, तपासनीस नेमावेत, खाजगी शाळांना अनुदान द्यावं, असं त्यात होतं. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात खातं उभं राहिलं. मग शेतसाऱ्यावर लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा एक हिस्सा शाळांकडे वळला. पैसा रयतेचा झाला, की त्याचा हिशेब मागणं आलंच. त्यात गैर काही नव्हतं. हजेरीपट, तक्ते आणि वर्षातून एकदा येणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, म्हणजे गावच्या भाषेत 'दिपोटी', हे सगळं त्या हिशेबाच्या पोटी आलं.

खरा घोळ झाला तो हिशेब कशाचा ठेवायचा यात. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी निकालावर अनुदान देण्याची पद्धत आणली. मुलामागे हजेरीचे चार शिलिंग आणि वाचन, लेखन, गणित या तिन्हींत पास झाल्यास आठ. एका विषयात नापास झाला की दोन शिलिंग आठ पेन्स कापले. लहान मुलाच्या डोक्यावर भावाची चिठ्ठीच लावली म्हणा ना! कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते. या परीक्षेत पास झालेल्या मुलाला वाचता येतंच असं नाही, घोकंपट्टीवर काम भागतं, अशी तक्रार त्यांनी आपल्या अहवालात केली. तरी हीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली आणि पार कर्झनच्या काळापर्यंत टिकली.

या खात्याशी दोन माणसं भांडली. दोघं पुण्याचीच, आणि एकमेकांची कट्टर विरोधक. पहिले विष्णुशास्त्री चिपळूणकर. सरकारी हायस्कुलात शिक्षक होते, १८७४ पासून 'निबंधमाला' चालवत होते. पुण्याहून त्यांची बदली रत्नागिरीला झाली. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. टिळक, नामजोशी त्यांच्यासोबत आले, पुढे आगरकरही. खात्याला कंटाळलेल्या मास्तरानं आपली शाळा काढावी, हा रस्ता त्यांनी दाखवला. पण ज्याच्या हाती विद्या, लेखणी आणि शहर, त्यालाच तो रस्ता मोकळा. खेड्यातला मास्तर राजीनामा देऊन जाणार कुठे?

त्या खेड्यातल्या शाळेची बाजू मांडली जोतीराव फुल्यांनी. 'निबंधमाले'त ज्यांची टर उडवली गेली तेच हे जोतीराव. १८८२ साली हंटर आयोग बसला, त्याला त्यांनी १९ ऑक्टोबरला आपलं निवेदन दिलं. १८४८ पासून शाळा काढून चालवल्याचा अनुभव त्यामागे होता. निवेदनात ते शिक्षकांना पाठीशी घालत नाहीत. बहुतेक मास्तर एकाच जातीचे आहेत आणि शेतकऱ्याच्या मुलांशी त्यांचं जुळत नाही, हे ते स्पष्ट सांगतात. पण पगार तुटपुंजा आहे, किमान १२ रुपये, मोठ्या गावी १५ ते २० द्या, हेही तेच सांगतात. निकालावर पैसे देण्याची पद्धत गरीब समाजात शिक्षण पसरवायला मुळीच योग्य नाही, असं त्यांचं मत. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे अशा भरवशावर शाळा काढून पोट कोण भरणार?

आता गंमत बघा. हेच जोतीराव तपासणी कमी करा म्हणत नाहीत, वाढवा म्हणतात! दिपोटी वर्षातून एकदा येऊन उपयोग नाही. दर तीन महिन्यांनी तरी यावं, आणि मध्येच न कळवताही यावं. म्हणजे तक्ता भरून घेणं वेगळं आणि माणसानं शाळेत येऊन मुलांकडे बघणं वेगळं, हा फरक त्यांनी नेमका धरला होता.

आणखी एक गोष्ट आहे, ती आजच्या शिक्षकाला खटकेल. गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशा कामांत शिक्षकाला घ्यावं, असं फुल्यांनीच सुचवलं. आज आपण ज्यांना 'अशैक्षणिक कामं' म्हणतो, त्यांच्याच जवळची ही यादी! पण त्यांचा हेतू वेगळा होता. या कामांमुळे गावात मास्तरांचं वजन वाढावं, लोक त्याच्या शब्दाला मान देतील आणि मुलं शाळेत धाडतील, असं त्यांचं गणित होतं.

त्या गणितातला पगाराचा भाग शिक्षणसेवक आणि विनाअनुदानित मंडळी सोडली, तर आज बराच सुटला आहे. कामांची यादी तर लांबतच गेली. वजनाचं काय झालं? यादी घेऊन दारोदार फिरणाऱ्या मास्तराकडे गाव आज सल्ला विचारायला जातं, की फक्त सही घ्यायला? आणि त्यानं रात्री बसून भरलेली माहिती वाचून, अमुक वर्गातली मुलं मागे का पडली हे बघायला वरून कोणी येतं का? मास्तरांची चीड कागद भरावा लागतो एवढीच नाही. भरलेल्या कागदामागून माणूस येत नाही, ही ती चीड आहे. आणि १८८२ च्या त्या निवेदनात हे दुखणं आपल्याला लिहिलेलं सापडतं.