वासरमानची चाचणी आणि दोन शब्द

तपासणीच्या अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ दिसले की आपण तिथेच थांबतो. त्या एका शब्दामागे दोन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात, हे मला उपदंशाच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या गरमीच्या इतिहासात जितके लख्ख दिसले तितके सांख्यिकीच्या पुस्तकांत दिसले नाही.

बर्लिनच्या आउगुस्ट फॉन वासरमान यांनी नायसर आणि ब्रुक यांच्यासह १९०६ साली उपदंशाची रक्तचाचणी जाहीर केली. तिच्यासाठी उपदंशाने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला जाई. या अर्कात रोगजंतू आहेत, म्हणून रोग्याचे रक्त त्याला ओळखील, असा तर्क. पण लवकरच ध्यानात आले की निरोगी अवयवांचा, अगदी बैलाच्या हृदयाचा अर्कही तेच काम करतो. म्हणजे चाचणी जंतूला ओळखतच नव्हती! तरी ती टिकली, कारण पुष्कळशा रोग्यांच्या बाबतीत ती होकार देई.

होकार ती इतरांनाही देई. मलेरियाच्या रोग्यांना, कुष्ठरोग्यांना. हे दोन्ही रोग ठाण मांडून बसलेल्या आपल्यासारख्या देशात तर त्या होकाराचे वजन आणखीच कमी.

रोग असलेल्यांपैकी किती जण चाचणीला सापडतात, ही तिची संवेदनक्षमता. रोग नसलेल्यांपैकी किती जणांना ती मोकळे सोडते, ही विशिष्टता. एक वाढवायला जावे तर बहुधा दुसरी घटते. १९२८ साली राष्ट्रसंघाने कोपनहेगनला निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ एकत्र आणून त्यांच्या पद्धती एकाच रक्ताच्या नमुन्यांवर पारखल्या, त्या याच ओढाताणीपायी. पुढे १९४७ साली जेकब येरुशाल्मी यांनी एक्स-रेच्या वाचनासंदर्भात या दोन शब्दांना काटेकोर गणिती रूप दिले.

मात्र अमेरिकेतील कायदा गणितासाठी थांबला नव्हता. कनेटिकट राज्याने १९३५ मध्येच वधू-वर दोघांनाही लग्नापूर्वी रक्ततपासणी सक्तीची केली आणि अनेक राज्ये त्या वाटेने गेली. येथे थोडा हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. दहा हजार वधू-वरांत रोगी शंभर, चाचणीची संवेदनक्षमता ९० टक्के, विशिष्टता ९५ टक्के. रोगी सापडतील ९०. उरलेल्या ९,९०० निरोग्यांपैकी ४९५ जणांनाही होकार येईल. एकूण ५८५ होकारांत सहा-सात जणांमागे एकच खरा रोगी! हीच चाचणी गुप्तरोगांच्या दवाखान्यात, जिथे निम्मे लोक रोगी असतील तिथे केली, तर शंभर होकारांतले सुमारे ९५ खरे ठरतात. चाचणी तीच, माणसे बदलली. पेनिसिलिनपूर्वी या होकाराचा अर्थ महिनोन्महिने आर्सेनिकयुक्त इंजेक्शने असा होता, आणि मोडलेल्या सोयरिकीचे माप तर कुठल्याच तक्त्यात बसत नाही. कायदे करणाऱ्यांचा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. पण दवाखान्यातली खात्री त्यांनी जशीच्या तशी लग्नमंडपात नेली, हे खटकल्यावाचून राहत नाही.

पेनिसिलिन आल्यावरही ‘खोट्या’ होकारांचे कोडे उरलेच होते. मूर आणि लुट्झ यांनी १९५५ साली असे होकार वर्षानुवर्षे टिकलेल्या माणसांचा मागोवा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना ल्युपस असल्याचे दिसून आले. बैलाच्या हृदयातल्या ज्या स्निग्ध द्रव्यामुळे वासरमानची चाचणी चाले, त्याच जातीच्या द्रव्यांविरुद्ध त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे होती. पुढे १९८०च्या दशकात लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी अशा प्रतिपिंडांचा संबंध रक्ताच्या गुठळ्यांशी आणि वारंवार होणाऱ्या गर्भपातांशी जोडला.