चुकीच्या उत्तराचा इतिहास : विचारविकासाच्या अभ्यासाचे एक शतक (१८७७ ते १९८५)

प्रस्तावना :

अर्भकावस्थेपासून प्रौढत्वापर्यंत मानवी विचार व तर्कशक्ती यांचा विकास कसा होतो, हा विषय शिक्षणशास्त्र व मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात बहुधा पियाजेप्रणीत चार अवस्थांच्या तक्त्याच्या रूपाने येतो. विद्यार्थी तो तक्ता पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. मात्र या तक्त्यामागे एक वैचारिक संघर्ष आहे, त्याची जाणीव क्वचितच करून दिली जाते. समोरच्याने दिलेले चुकीचे उत्तर म्हणजे निव्वळ अज्ञान की विचार करण्याची एक वेगळी रीत, हा त्या संघर्षाचा गाभा होय. प्रस्तुत लेखात या एका प्रश्नाच्या आधारे सदर इतिहासाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

निरीक्षणाकडून मापनाकडे :

बालक म्हणजे प्रौढाची लहान आवृत्ती नव्हे, हा विचार रूसोने १७६२ मध्ये ‘एमिल’ या ग्रंथात मांडला होता. परंतु प्रत्यक्ष निरीक्षणाची परंपरा रुजण्यास आणखी शतकभराचा अवधी जावा लागला. चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाविषयी ठेवलेल्या जुन्या नोंदी १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या, तर १८८२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म प्रायरचा बालमनावरील ग्रंथ प्रकाशित झाला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र शाळांच्या गरजेतून मापनाला प्राधान्य मिळाले. सर्वसाधारण वर्गात मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये बुद्धिमापन श्रेणी तयार केली. मुलांच्या हिताच्या हेतूनेच ही श्रेणी निर्माण झाली होती. तथापि तिच्यात बरोबर उत्तरांची बेरीज होत असे. चुकीचे उत्तर शून्य गुणांसह बाजूला पडत असे.

पियाजे : चुकीतील संगती :

स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथे १८९६ मध्ये जन्मलेला झाँ पियाजे मूळचा जीवशास्त्राचा अभ्यासक. मृदुकाय प्राण्यांवरील संशोधनासाठी १९१८ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. पुढच्याच वर्षी तो पॅरिसला गेला. तेथे सिमॉनने त्याच्यावर सोपवलेले काम अगदी रूक्ष होते. सिरिल बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाच्या तर्क-चाचण्यांचे फ्रेंच मुलांसाठी प्रमाणीकरण करावयाचे होते. हे काम करताना पियाजेचे लक्ष बरोबर उत्तरांच्या संख्येपेक्षा चुकीच्या उत्तरांकडे अधिक वेधले गेले. एका वयाची मुले साधारणतः एकाच प्रकारे चुकतात, असे त्यास आढळले. त्याने ठरावीक प्रश्नावली सोडली आणि मुलांशी मोकळा संवाद साधून ‘असे का?’ हे विचारण्यास आरंभ केला. १९२१ मध्ये क्लापारेद याच्या निमंत्रणावरून तो जिनिव्हातील रूसो इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला आणि १९२३ मध्ये बालकाची भाषा व विचार यांवरील त्याचा पहिला ग्रंथ निघाला.

स्वतःच्या तीन अपत्यांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या १९३६ मधील ग्रंथात त्याने विचाराचे मूळ अर्भकाच्या हालचालींत शोधले. पाहणे, पकडणे, चोखणे या क्रियांतून बुद्धी आकार घेते. पुढे प्रतीके, मूर्त वस्तूंवरील तर्क आणि किशोरवयात गृहीतकांवरील अमूर्त तर्क असा क्रम त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मांडला.

उझबेकिस्तानातील प्रश्न :

पियाजेच्याच वर्षी जन्मलेल्या लेव्ह व्हायगॉट्स्कीने या मांडणीला वेगळी दिशा दिली. विचाराची साधने, विशेषतः भाषा, मूल समाजाकडून घेते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याचा सहकारी अलेक्झांडर लुरिया याने १९३१ व १९३२ मध्ये उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांमध्ये अभ्यास केला. उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात सर्व अस्वले पांढरी असतात; नोवाया झेमल्या त्या प्रदेशात आहे; तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची? शाळेत न गेलेल्या अनेकांनी निष्कर्ष काढण्यास नकार दिला. जे पाहिले नाही त्याविषयी कसे सांगावे, अशा आशयाची त्यांची उत्तरे होती.

लुरियाने यात अमूर्त तर्काचा अभाव पाहिला. परंतु या नकारातही एक नियम दडलेला आहे : साक्षीवाचून विधान करू नये. बालकाच्या चुकीला मिळालेला न्याय निरक्षर प्रौढाच्या उत्तराला मात्र पूर्णपणे मिळाला नाही. हे संशोधन राजकीय कारणांनी दडपले गेले व १९७४ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे सिल्व्हिया स्क्रिब्नर व मायकेल कोल यांनी लायबेरियातील वाई समाजाचा अभ्यास १९८१ मध्ये प्रकाशित केला. वाई लिपी तेथे शाळेबाहेर शिकली जाते. केवळ साक्षरतेने तर्कशक्तीत सर्वसाधारण बदल होत नाही. तर्कवाक्यांचे स्पष्टीकरण देण्याची रीत प्रामुख्याने शालेय शिक्षणाशी निगडित आहे, असे त्यातून दिसून आले.

अवस्थांचे पुनर्मूल्यांकन :

पियाजेची पद्धतही टीकेतून सुटली नाही. सोंगट्यांच्या दोन समान रांगांपैकी एक प्रौढाने लांबवली की लहान मुले तीत सोंगट्या जास्त असल्याचे सांगतात. मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ मध्ये हीच रांग एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाकडून ‘चुकून’ विस्कटवली, तेव्हा पुष्कळ अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. मुलांच्या चुकीत प्रश्नकर्त्याच्या हेतूचा अंदाजही मिसळलेला होता. १९८५ मध्ये रेने बेयार्जों व सहकाऱ्यांनी पाच महिन्यांची अर्भके दृष्टीआड झालेल्या वस्तूचे अस्तित्व गृहीत धरतात, असे सुचवणारा प्रयोग मांडला. त्याच्या अन्वयार्थाविषयी मतभेद असले, तरी पियाजेने दिलेल्या वयोमर्यादा सैल झाल्या.

दुसऱ्या टोकाला प्रौढत्वाचा कळसही तितकासा भक्कम ठरला नाही. पीटर वेसनच्या १९६६ मधील चार पत्त्यांच्या तर्कसमस्येत बहुतेक सुशिक्षित प्रौढ चुकले. त्याच रचनेचा मद्यपानाच्या वयोमर्यादेवरील परिचित प्रश्न ग्रिग्ज व कॉक्स यांनी १९८२ मध्ये विचारला, तेव्हा बहुसंख्य विद्यार्थ्यांनी तो सोडवला. स्वतः पियाजेनेही १९७२ मध्ये अमूर्त तर्क व्यक्तीच्या आवडीच्या व व्यवसायाच्या क्षेत्रातच प्रकट होऊ शकतो, ही शक्यता मान्य केली होती.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, विचारविकासाच्या अभ्यासाची मोठी पावले चुकीच्या उत्तराची पुनर्तपासणी झाली तेव्हाच पडली. आणि ती थांबली की संशोधकही चुकले. प्रथम वर्षाच्या वर्गातील विद्यार्थी अमूर्त तर्काच्या अवस्थेस पोहोचलेलाच असतो, हे गृहीतक म्हणूनच तपासून घ्यावे लागते. अपरिचित विषयात अडखळणारा विद्यार्थी स्वतःच्या शेतीच्या वा दुकानाच्या व्यवहारात नेमका तर्क करत असू शकतो. उत्तरपत्रिकेवरील फुली त्याच्या अभिव्यक्तीची मर्यादा दाखवते. त्याच्या विचाराची मर्यादा ठरवण्यापूर्वी ‘असे का?’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.