परडीबाहेरचे फूल

आमच्या वाड्याच्या परसात पहाटे पूजेची फुले वेचण्याचे काम आजीकडे होते, आणि त्या कामाचा तिचा क्रम सरकारी दप्तरातील कानूजाबत्याइतका ठरलेला असे : प्रथम दूर्वा आणि तुळस, मग तगर व जास्वंद, थंडीच्या दिवसांत शेवंती, आणि परडीत जागा उरलीच तर कुंपणावरची गोकर्ण. ओट्याच्या कडेला चार कुंड्यांत जी फुले पौषापासून फाल्गुनापर्यंत अखंड फुलत, आणि ज्यांचे लाल, जांभळे, गुलाबी झुबके परसात पाऊल ठेवताच नजरेत भरत, त्यांना मात्र या क्रमात स्थान नव्हते. त्यांना पाणी ती घाली, त्यांची वाळली पाने ती खुडी. पण परडी घेऊन निघाली की त्यांच्यावरून सरळ पुढे जाई. "ती विलायती. नुसती बघायची," एवढाच तिचा निवाडा. ती फुले व्हर्बिनाची.

विलायतीपणाचे हे कारण मला पुढे लंगडे वाटू लागले. कारण दसऱ्याला ज्याच्यावाचून आमचे दार सजत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा, आणि त्याची जात कोणी विचारीत नाही. खरे कारण बहुधा व्यवहारातले असावे. व्हर्बिनाच्या फुलाला ओवण्याजोगा देठ नाही, वास असला तर नावापुरता, आणि झुबका तोडून घटकाभर हातात धरला की फुले एकेक करून निसटू लागतात. जे हारात नाही, वेणीत नाही आणि निर्माल्यातही नाही, असे फूल केवळ डोळ्यांसाठी बाळगणे हीच आमच्या घराला एक नवी गोष्ट होती.

आणि तरीही हे नाव मूळचे पूजासाहित्याचेच आहे. प्राचीन रोमच्या भाषेत 'व्हर्बेना' म्हणजे देवकार्यासाठी घेतलेली पवित्र डहाळी. मग ती ऑलिव्हची असो, मर्टलची असो वा एखाद्या रानवट झुडपाची. तहनामे व युद्धघोषणा यांचे विधी पाहणारे फेतियालेस नावाचे पुरोहितमंडळ रोममध्ये होते, आणि तह करावयास निघताना त्यांच्यापैकी एकजण कॅपिटोलच्या गढीवरून ही वनस्पती मुळासकट व मातीसकट उपटून बरोबर घेई. त्या माणसाचा हुद्दाच मुळी 'व्हर्बेनारियुस' असा होता. तुल्लुस होस्तिलियुस राजाच्या काळी आल्बाशी झालेल्या तहाचे वर्णन इतिहासकार लिव्ही याने केले आहे. त्यात राजाची आज्ञा घेऊन ती वनस्पती आणली जाते, आणि शपथ वाहणाऱ्या पुरोहिताच्या मस्तकाला तिचा स्पर्श करून त्याला रोमच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला जातो. मराठ्यांच्या कागदांत बेलभंडार देऊन केलेल्या शपथक्रियेचे उल्लेख ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हा प्रकार परका वाटू नये. शब्दाला जामीन राहण्यासाठी पान लागते, ही समजूत दोन्हीकडची. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या प्लिनीने तर ज्युपिटरचे पूजापीठ याच जातीच्या झुडपाने झाडीत व घरे शुद्ध करीत, असे नोंदवून ठेवले आहे.

ते झुडूप दिसायला अगदीच सामान्य : काटकुळी, चौकोनी काडी आणि टोकाला टिंबाएवढी फिकट फुले. १७५३ मध्ये लिनियसने त्याच्यावर 'व्हर्बिना' हे नाव कायम केले, आणि पुढे त्याच्याच नावाने एक मोठे कुळ थाटले गेले. जुन्या वर्गीकरणात आपला साग, शिवण, निर्गुडी, भारंगी ही सारी मंडळी त्या हातभर झुडपाच्या कुळात मोडत. चंद्रपूरच्या रानातला आभाळाला भिडलेला सागवृक्ष या काडीच्या नावाने ओळखला जावा, याचे मला नेहमी हसू येई. अलीकडच्या शास्त्रज्ञांनी त्याला तेथून काढून तुळशीच्या कुळात नेऊन बसविले, हे आजीला कळते तर तिला बरेच वाटले असते. मूळ कुळात आमच्या ओळखीची म्हणून राहिली ती घाणेरी. तीही एकेकाळी शोभेसाठी आणलेली आणि आज डोंगरच्या डोंगर बळकावून बसलेली.

पण कुंडीतली व्हर्बिना ही रोमन नव्हे. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेत, ला प्लाता नदीच्या आसपासच्या उघड्या माळांवर. आणि ती तेथून निघाली याचे बरेचसे श्रेय जॉन ट्वीडी नावाच्या एका स्कॉटिश माळ्याकडे जाते. १७७५ मध्ये जन्मलेला हा मनुष्य, इतर लोक पेन्शनीचा हिशेब मांडू लागतात त्या पन्नाशीच्या वयात, १८२५ साली मुलाबाळांसह ब्यूनस आयर्सजवळच्या स्कॉटिश वसाहतीत गेला. ती वसाहत मोडली, पण ट्वीडी परतला नाही. नद्यांच्या काठाने व गवताळ प्रदेशातून शेकडो कोस हिंडून तो मायदेशी बिया व रोपे पाठवीत राहिला, आणि १८६२ मध्ये तिकडेच वारला. आज आपल्या गॅलऱ्यांतून दिसणाऱ्या पिटुनियाच्या पूर्वजांपैकी एक याच्याच हातून गेली. जमिनीलगत पसरणारी एक लालभडक व्हर्बिना त्या सुमारास युरोपात पोचली होतीच. तिच्या जोडीला ट्वीडीच्या नावाची व आणखी एकदोन जाती आल्या, आणि १८४० च्या आगेमागे बागवानांनी त्यांचा संकर करून आजची बागेतली व्हर्बिना सिद्ध केली. आता तर रंगसूत्रांची मोजदाद करून, ती रोमन झुडपात सातच्या पटीत व हिच्यात पाचच्या पटीत असल्याचे आढळल्यामुळे, हिचे खातेच तोडून 'ग्लँड्युलेरिया' या नावावर चढविण्यात आले आहे. म्हणजे उसने घेतलेले नावही कागदोपत्री गेले. माळ्यांच्या तोंडी मात्र ते अजून आहे.

इंग्लंडात १८४५ मध्ये काचेवरील कर उठला, काचघरे स्वस्त झाली, आणि हिवाळ्यात हजारो फांटे काचेखाली जगवून उन्हाळ्यात वाफेच्या वाफे एकाच रंगाने भरून काढण्याची चाल श्रीमंतांच्या बागांत फोफावली. या चालीचे व्हर्बिना हे लाडके अपत्य. आणि त्याच लाडाने तिची खराबी झाली. वर्षानुवर्षे फांट्यावरून फांटा घेतल्यामुळे एकाच रोपाचे रोग पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहिले, भुरीने वाफे पांढरे पडू लागले, आणि शेवटी माळ्यांना पुन्हा बियांकडे वळावे लागले.

आमच्याकडे ती कोणत्या वाटेने आली असावी, हे पुण्याच्या बागांचा इतिहास पाहिल्यास समजते. पेशव्यांच्या कवायती फौजेवरील कॅप्टन फोर्ड याचा दापोडीचा बंगला गव्हर्नर माल्कमने १८२८ मध्ये सरकारात घेऊन तेथे वनस्पतींची बाग उभी केली. पुढे गणेशखिंडीत १८७३ मध्ये दुसरी बाग झाली, आणि तिचा कारभार पाहणाऱ्या वुड्रोने हिंदुस्थानातील बागकामावर पुस्तकच लिहिले. एम्प्रेस गार्डनमधील जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनात हिवाळी फुलांच्या कुंड्या मांडण्याची प्रथा तर आजही चालू आहे. साहेबाच्या बंगल्यावर राबणारा माळी संध्याकाळी पेठेत परतताना ओल्या फडक्यात दोन फांटे गुंडाळून आणीत असेल, असा माझा तर्क आहे. निदान आमच्या वडिलांना पहिला फांटा एका माळ्यानेच दिला होता.

या प्रवासात ऋतू मात्र उलटला. इंग्लंडात जी उन्हाळ्याची शोभा, ती येथे थंडीची झाली, आणि तिकडे बर्फापासून जपावयाचे ते येथे पावसापासून जपावे लागले. वडील बी फारसे पेरीत नसत. ते सावकाश उगवते, त्याला अंधार लागतो आणि पाणी जरा जास्त झाले की कुजते, अशी त्यांची तक्रार. माघात ते कळी न धरलेले, बोटभर लांबीचे शेंडे पेऱ्याच्या लगेच खाली दाढीच्या पात्याने कापीत, खालची पाने उतरवीत, आणि निम्मी वाळू व निम्मा पोयटा भरलेल्या कुंडीच्या कडेकडेने, मातीच्या भांड्याला टेकतील असे खोवीत. दोनतीन आठवड्यांत मुळ्या फुटत. पुढे शेंडा खुडला की रोप आडवे पसरे, आणि जेथे पेरे मातीला टेकले तेथे पुन्हा मूळ धरी. ऊन भरपूर हवे, पाणी बुंध्याशीच हवे. पानांवर झारी धरणाऱ्याला त्यांची बोलणी खावी लागत.

वैशाखात जुनी रोपे करपत, आणि मृग लागला की एकच कुंडी वाचविण्याची धडपड सुरू होई. पागोळ्यांचे पाणी न येणारी, तरी सकाळचे ऊन मिळणारी अशी वाड्यात एकच जागा होती : देवघराची पूर्वेकडील खिडकी. आजी कुरकुर करीत कुंडीखाली पत्र्याचे ताट ठेवी. आषाढापासून भाद्रपदापर्यंत ते रोप देव्हाऱ्यापासून हातभर अंतरावर, एकही फूल न धरता, नुसते हिरवे उभे असे. आणि अश्विनात, कळ्या दिसू लागण्याच्या आधीच, वडील ती कुंडी उचलून परत ओट्यावर नेत.