आम्ल-आम्लारी शिकविताना आधी द्रावण समजावे

निळा लिटमस तांबडा झाला की आम्ल, तांबडा निळा झाला की आम्लारी. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात आठवी-नववीत येणाऱ्या या विषयात एवढ्या वाक्यावर गुण मिळतात. मात्र त्यातून ‘आम्ल भाजते, आम्लारी निरुपद्रवी असते’ असा चुकीचा समज सहज रुजतो. हा समज टाळायचा असेल, तर शिकविण्याची सुरुवात व्याख्येपासून न करता द्रावणापासून करणे इष्ट ठरते.

पाण्याची भूमिका

खाण्याचा सोडा आणि लिंबाचे सत्त्व, म्हणजेच सायट्रिक आम्लाचे स्फटिक, कोरडे एकत्र केल्यास काहीच घडत नाही. चमचाभर पाणी घालताच मिश्रण फसफसू लागते व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आम्लाचे गुणधर्म पाण्यात प्रकट होतात, हे या प्रयोगातून विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसते. क्षार पाण्यात विरघळताना त्यांचे आयनांत विघटन होते, हा विचार स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठातील प्रबंधात मांडला. १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सिद्धांतानुसार पाण्यात हायड्रोजन आयन देणारे ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देणारी ती आम्लारी.

संहती वेगळी, तीव्रता वेगळी

द्रावणात आम्ल किती आहे ही संहती. विरघळलेल्या आम्लापैकी किती रेणूंचे आयनांत विघटन झाले ही तीव्रता. एक लिटर द्रावणात ०.१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असेल, तर त्याचे जवळजवळ पूर्ण विघटन होते आणि सामू, म्हणजेच पीएच, सुमारे १ येतो. तितकेच अॅसेटिक आम्ल घेतल्यास दर हजार रेणूंपैकी सुमारे १३ रेणूंचेच विघटन होते व सामू सुमारे २.९ भरतो. संहती समान, पण तीव्रता भिन्न.

सामूची मोजपट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. तिच्यातील एका एककाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीत दहापट फरक. त्यामुळे सामू ३ असलेले द्रावण सामू ५ असलेल्या द्रावणाच्या शंभरपट आम्लधर्मी ठरते. ‘आम्लात पाणी वाढवीत गेल्यास त्याची आम्लारी होईल काय?’ हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. सामू ७ च्या जवळ जातो, पलीकडे जात नाही. हे उत्तर कारणासह देणाऱ्याला द्रावण समजले, असे मानण्यास हरकत नाही.

स्वयंपाकघरातील दर्शक

हळदीचा कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो व लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळा होतो. मात्र साध्या पाण्यातही तो पिवळाच राहतो. म्हणजे हळद आम्लारी ओळखते, आम्ल ओळखत नाही. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क उपयोगी पडतो. तो आम्लात गडद गुलाबी, तर आम्लारीत हिरवा होतो. प्रत्येक दर्शकाला मर्यादा असतात, हा धडा येथे विनाखर्च मिळतो.

चुन्याची पुडी

पानात खाल्ल्या जाणाऱ्या चुन्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू सुमारे १२.४ असतो. हा चुना डोळ्यात उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. आम्लारी ऊतींत खोलवर शिरत जाते, त्यामुळे तिची इजा अनेकदा आम्लापेक्षा गंभीर असते. अशा वेळी उदासिनीकरणाचा पाठ आठवून लिंबाचा रस घालणे घातक होय. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा तत्काळ व सतत धुवावा, चुन्याचे कण काढून टाकावेत आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

संहत आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल हळूहळू घालावे, आम्लात पाणी नव्हे. तसेच शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल व ब्लीच एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. लिटमसच्या रंगांइतकेच या बाबींनाही वर्गात स्थान मिळायला हवे.