बुरशीचा घास



गजकर्ण म्हणजे हत्तीचा कान. इंग्रजीत त्याला रिंगवर्म, म्हणजे गोल किडा म्हणतात. लॅटिन नाव टिनिया, हे लोकर खाणाऱ्या कसरीचे नाव! ज्याला जसे दिसले तसे त्याने नाव दिले. खरे तर यात हत्ती नाही आणि किडाही नाही, आहे ती बुरशी. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे माणसाला हे कधी उमगले, हा प्रश्न मला पडला आणि वाचत गेलो.

१८३७ मध्ये बर्लिनच्या रॉबर्ट रेमाक यांना डोक्यातल्या खवड्यांच्या खपल्यांत सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसले. १८३९ मध्ये श्योनलाइन यांनी ती बुरशी असल्याचे लिहिले. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. रेमाक यांनी तर ती स्वतःच्या हातावर लावून रोग ओढवून घेतला! कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये, म्हणजे जंतूंचे युग सुरू होण्यापूर्वीच ही बिचारी बुरशी पकडली गेली होती.

पण चोर सापडला तरी तो घरात शिरतो कसा हे कळायला फार वर्षे गेली. बुरशीला ना दात ना तोंड. आपण आधी खातो आणि मग पचवतो, ती आधी पचवते आणि मग खाते. आपली वरची मृत त्वचा, केस आणि नखे केराटिन या चिवट प्रथिनाची असतात. त्याचे धागे गंधकाच्या दुव्यांनी घट्ट बांधलेले असतात. बुरशी सल्फाइट बाहेर सोडून हे दुवे तोडते. मग तिची विकरे त्या सैल झालेल्या धाग्यांचे तुकडे करतात आणि ते तुकडे ती शोषून घेते. लोकरही केराटिनचीच, तेव्हा कसरीचे नाव देणारे अगदीच चुकले नव्हते म्हणायचे!

हे ठाऊक नव्हते तेव्हाचे उपाय मात्र भयंकर होते. १९०४ च्या सुमारास पॅरिसच्या साबुरो यांनी क्ष-किरणांनी डोक्यावरचे केस गाळण्याची पद्धत रूढ केली. केस गेले की बुरशीचे ताटच गेले! पण १९४८ नंतर इस्राएलमध्ये हजारो स्थलांतरित मुलांना हे किरण दिले गेले आणि पुढे त्यांच्यात मेंदूच्या गाठी व थायरॉइडचे कर्करोग वाढलेले आढळले. १९९४ मध्ये तिथे भरपाईचा कायदा करावा लागला. १९५८ पासून ग्रिसिओफुल्विन पोटातून देता येऊ लागले, तेव्हा कुठे किरणांची गरज संपली.

आता आपल्याकडचे पाहा. खाज सुटली की औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणायचे. लाली जाते, खाज थांबते, आपण खूश! पण स्टेरॉइडने गप्प बसतो तो आपल्या शरीराचा पहारेकरी. बुरशीचे जेवण निवांत चालू राहते आणि चट्टा पसरतो. २०२० मध्ये नामकरण झालेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जात तर टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधालाही अनेकदा दाद देत नाही. तिच्या नावात आपल्या देशाचे नाव आहे, हे वाचून मला वाईट वाटले.

तेव्हा खाज थांबली म्हणजे रोग गेला असे समजू नका. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि ते सांगतील तितके दिवस औषध घ्या.